हकीकत आधी, शब्द नंतर

जन्म तंजावरच्या मराठी घरातला, गल्ली तमिळ, आणि नोकरी इंग्रजी शिकवण्याची. इथे आम्हां मराठी मंडळींना 'रायर' म्हणतात. घरात अजून मराठी बोलतो, पण अर्ज लिहायचा झाला की सगळ्यांना इंग्रजी हवी असते. म्हणून निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी, त्यांच्या आया, आसपासच्या बायका अधूनमधून कागद घेऊन येतात. कधी नुसत्या बोलायला येतात. गेल्या काही वर्षांत या बोलण्यात एक इंग्रजी शब्द फार ऐकू येऊ लागला आहे: ट्रॉमा, आणि त्याचं क्रियापद ट्रॉमटाइझ. टॉर्चर आधीपासून होताच. मागोमाग गॅसलायटिंगही आलं. मनाला झालेली इजा सांगणारे हे शब्द ऐकता ऐकता जे शिकले, ते इथे मांडते.

१. रोजच्या वैतागाला निदान समजू नये

तमिळमध्ये 'टॉर्चर' हा शब्द इतका मुरला आहे की तो इंग्रजी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परीक्षा टॉर्चर, मे महिन्यातला उकाडा टॉर्चर, दर रविवारी येणारे पाहुणे टॉर्चर. 'ओरे टॉर्चर' म्हणजे नुसता वैताग. मराठीत आपण तरी काय करतो? 'डोकं खाल्लं', 'जीव नकोसा केला', 'उच्छाद मांडलाय'. हे ऐकून कोणी पोलीस बोलावत नाही. चिडलेल्या माणसाला मोठा शब्द लागतो आणि ऐकणाऱ्यालाही तो किती उणा करून घ्यायचा हे कळतं.

म्हणून एखादी मुलगी "अम्मा टॉर्चर पण्ड्रांग" म्हणाली, आई टॉर्चर करते म्हणाली, तर मी शब्द सुधारायला जात नाही. ती कशी म्हणते ते ऐकते. मैत्रिणींच्या घोळक्यात, हसत म्हणाली तर तो वैताग. एकटी थांबून, खाली बघत म्हणाली तर पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. शब्द दोन्ही वेळी तोच असतो. त्यामुळे नुसत्या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही.

२. ट्रॉमा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला माहीत आहे

१६ जुलै २००४. कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपराला आग लागली, ती वर्गांपर्यंत पोचली आणि ९४ मुलं गेली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. शेजारच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. हा जिल्हा १९९१ पर्यंत तंजावरचाच भाग होता, त्यामुळे नात्यागोत्यांनी ते दुःख आमच्याही घरांत आलं. समुद्रकाठच्या गावांत मानसोपचाराची माणसं पोचली आणि इथल्या सामान्य लोकांनी 'ट्रॉमा' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला.

डॉक्टर तो जपून वापरतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत आघातानंतरच्या विकाराला स्वतंत्र जागा दिली. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. या विकारात घटना संपून महिना उलटला तरी ती पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते, झोपेत छळते, त्या जागेकडे पाऊल वळत नाही, बारीक आवाजानेही माणूस दचकतो. पण आघात झालेल्या प्रत्येकाला हा विकार होतो असं मात्र नाही. बहुतेक माणसं घरच्यांच्या आधाराने आणि काळाने सावरतात. म्हणून आपत्तीतून वाचलेल्या मुलावर 'हा आता कायमचा ट्रॉमटाइझ झाला' असा शिक्का मारणं चूक आहे. शेजारीपाजारी तो मोठ्याने मारतात आणि मूल ते ऐकत असतं.

३. इंग्रजी शब्द नवा आहे, छळ जुना आहे

'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' असं म्हणणाऱ्यांना मी राजवाड्याकडे बोट दाखवते. ज्या सरफोजीराजांच्या नावाने सरस्वती महाल ग्रंथालय जगभर ओळखलं जातं, त्यांचं बालपण कसं गेलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तंजावरचे तेव्हाचे मराठे राजे तुळजाराजे यांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी सरफोजींना दत्तक घेतलं, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. कारभार तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेला. पुढे पंडितांनी दत्तकविधान सदोष ठरवलं आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. मुलगा नजरकैदेत. हिंडणं-फिरणं बंद, शिक्षण बंद, आसपास पहारा. तुळजाराजांच्या राण्यांनाही त्याच वाड्यात अपमानाचे दिवस काढावे लागले.

त्या काळी कोणाकडे 'ट्रॉमा' हा शब्द नव्हता. तंजावरात राहणारे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या त्या घडल्या गोष्टींच्या: मुलाला कोंडलं आहे, त्याला शिकवायला कोणी नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. या तक्रारींवर हालचाल झाली. १७९३ साली सरफोजी आणि राण्या मद्रासला हलवल्या गेल्या, तिथे त्यांचं शिक्षण झालं. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, यावेळी निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला आणि १७९८ साली ते गादीवर बसले. मुलगा सुटला तो तक्रारीतल्या तपशिलामुळे.

पुढे त्यांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, धन्वंतरी महालात रोग्यांच्या, विशेषतः डोळ्यांच्या आजारांच्या नोंदी ठेवायला लावल्या. यावरून 'बघा, काही परिणाम झाला नाही' असं कोणी म्हणू नये. 'म्हणूनच ते असे घडले' असंही म्हणू नये. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होतं याचं निदान आपण करू शकत नाही. त्यांच्याशी काय वागणूक झाली, तेवढं मात्र नक्की सांगता येतं.

४. ऐकून घेणाऱ्याचाही हिशेब असतो

सरफोजींची तक्रार कंपनीने ऐकली आणि १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार आपल्या हाती घेतला. राजाकडे किल्ला आणि मानमरातब उरला. श्वार्ट्झ यांची माया खरी होती. त्यांच्या मृत्यूनंतर सरफोजींनी इंग्लंडच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही आहे आणि त्यात मरणशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला राजा कोरलेला आहे. पण कंपनी सरकारला मायेपेक्षा मुलूख हवा होता.

हे मला घरगुती भांडणांतही दिसतं. सुनेचा छळ होतो हे माहेरच्यांना कळतं ते कधी कधी दागिने परत मागण्याच्या वेळी. म्हाताऱ्या बापाचे हाल भाचे बोलून दाखवतात, कारण घराची वाटणी जवळ आलेली असते. बोलणाऱ्याचा हेतू मिसळलेला आहे म्हणून छळ खोटा ठरत नाही. मात्र हेतू ओळखून घ्यावा, म्हणजे मदतीच्या नावाखाली पीडित माणूस एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात जात नाही.

५. क्रियापद आलं की कर्ता विचारावा

इंग्रजीत 'आय वॉज ट्रॉमटाइझ्ड' म्हटलं की वाक्य पूर्ण होतं. कोणी केलं ते सांगावं लागत नाही. मराठीतही 'मला फार त्रास झाला' म्हणून थांबता येतं. सभ्य घरांत तर असंच बोलतात, कारण नाव घेतलं की नातं तुटायची भीती. पण अर्ज लिहिताना हे वाक्य निरुपयोगी असतं.

म्हणून मी कागद पुढे ओढून विचारते. कोणी? नेमकं काय केलं किंवा काय म्हटलं? केव्हापासून? समोर आणखी कोण होतं? नंतर तू काय केलंस? या प्रश्नांची उत्तरं लिहून झाली की दोन गोष्टी होतात. काही जणी म्हणतात, टीचर, लिहून पाहिलं तर एवढं मोठं नाही वाटत, मीच बोलते तिच्याशी. काही जणी गप्प होतात, कारण कागदावर उतरल्यावर ते किती मोठं आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसतं. दोघींचाही फायदाच होतो. 'ट्रॉमा' हा शब्द आम्ही शेवटी लिहितो, किंवा लिहीतच नाही.

६. प्रत्येक मतभेद गॅसलायटिंग नसतो

हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून आला. १९४४ च्या चित्रपटात इंग्रिड बर्गमनने त्यातल्या बायकोची भूमिका केली आणि शब्द पक्का झाला. नवरा माडीवर गुपचूप दिवा लावतो, त्यामुळे बायकोच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो. ती तसं म्हणाली की तो म्हणतो, हे तुझ्या मनाचे खेळ. हळूहळू तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. २०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने हा वर्षाचा शब्द ठरवला, इतका तो पसरला.

पसरता पसरता त्याची धार गेली. 'तू तसं म्हणाली नव्हतीस' एवढं नवऱ्याने म्हटलं की आता ते गॅसलायटिंग होतं. दोन माणसांना एकच प्रसंग वेगळा आठवणं अगदी साधं आहे. खोटं बोलणं हाही वेगळा गुन्हा आहे. या शब्दाला तीन गोष्टी लागतात: समोरच्याला खरं माहीत असणं, त्याने ते मुद्दाम झाकणं, आणि तुझंच डोकं ठिकाणावर नाही असं पुन्हा पुन्हा पटवणं. या तीन असतील तर शब्द बिनधास्त वापरावा. अशी घरं मी पाहिली आहेत. तिथल्या बाईला पहिली मदत म्हणजे रोजची तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवायला सांगणं. आपली आठवण शाबूत आहे याचा पुरावा तिला स्वतःसाठीच लागतो.

७. शब्द पसरतो तेव्हा काही भलंही होतं

मेलबर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निक हॅस्लम यांनी २०१६ साली दाखवून दिलं की छळ, दादागिरी, आघात अशा इजेशी निगडित संकल्पना गेल्या काही दशकांत पसरत गेल्या. पूर्वी ज्या गोष्टी त्यांत मोडत नसत त्याही आत आल्या, आणि सौम्य प्रकारांनाही तेच नाव मिळू लागलं. वडीलधाऱ्यांना हे ऐकून बरं वाटतं: बघा, आम्ही म्हणतच होतो, हल्लीची मुलं नाजूक.

पण याच पसरण्याने काय काय आत आलं तेही पाहावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीच्या जोडीला शाब्दिक आणि भावनिक अत्याचार आला. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं, हिणवणं, हेही कायद्याने हिंसेत मोजलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यासोबत मानसिक छळ करण्यालाही बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीत, एका मोठ्या आपत्तीपेक्षा वेगळा, दीर्घकाळ चाललेल्या आणि सुटका नसलेल्या छळातून येणारा गुंतागुंतीचा आघातविकार स्वतंत्र नोंदला गेला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन हे १९९२ पासून सांगत होत्या. 'एवढं काय झालं, सगळ्यांच्याच सासवा बोलतात' असं म्हणून ज्यांना गप्प केलं जाई, त्यांच्या बाजूने आज कायदाही आहे आणि वैद्यकही. शब्द ताणला जातो ही तक्रार मान्य करूनही मी या पसरण्याच्या बाजूची आहे.

८. न्यायालयाला मोठा शब्द पुरत नाही

मनस्तापाला तमिळमध्ये 'मन उळैच्चल' म्हणतात. वर्तमानपत्रांत हा शब्द वरचेवर दिसतो, कारण ग्राहक न्यायालयं मनस्तापाचीही भरपाई देतात. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्यामुळे अर्जात 'मेंटल टॉर्चर', 'मेंटल ॲगनी' ठोकून दिलं की काम झालं असं लोकांना वाटतं.

तसं होत नाही. १९८३ साली भारतीय दंड विधानात आलेलं ४९८ अ हे कलम आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्यातल्या क्रूरतेत मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजाही येते, पण ती कोणत्या वर्तनाने झाली हे दाखवावं लागतं. घटस्फोटातल्या मानसिक क्रूरतेचा पाया घातला गेला तो १९७५ साली पुण्याच्या एका मराठी दांपत्याच्या खटल्यात. निकालपत्र वाचलं तर कळतं की सर्वोच्च न्यायालयाने कोण काय म्हणालं, कोणत्या पत्रात काय लिहिलं, त्यानंतर दोघं एकत्र राहिली का, हे सगळं तपासलं. क्रूरता मोजायची ती या दोन माणसांच्या संसारात, आदर्श दांपत्याच्या मापाने नव्हे, असंही सांगितलं. २००७ च्या एका निकालात न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली आणि संसारातली रोजची कुरबूर त्यात बसत नाही हेही स्पष्ट केलं.

तमिळनाडूत १९९२ पासून महिला पोलीस ठाणी आहेत. तिथे जाणाऱ्या बाईला मी एवढंच सांगते: विशेषणं घरी ठेवून जा, तारखा घेऊन जा.

९. ज्यांच्याकडे शब्दच नाही त्यांच्याकडे आधी बघा

इंग्रजी शिकलेल्या मुलीला ट्रॉमा म्हणता येतं. तिच्या आजीला काय म्हणता येतं? याच तंजावरात, मराठी राजांच्या दरबारी, अठराव्या शतकात त्र्यंबक नावाच्या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धति' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, बायकांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत कसं वागावं याचा. ग्रंथ थोड्यांनी वाचला असेल, पण कर्तव्याची ती भाषा घरोघर बोलली गेली. तक्रारीची भाषा तशी कोणी शिकवली नाही.

मग दुःख शरीरातून बोलतं. छातीत धडधडतं, डोकं धरतं, अन्नावर वासना नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दवाखान्यात तपासण्या होतात, सगळं ठीक निघतं आणि 'नाटकं करते' असं ठरतं. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांचं ठरलेलं वाक्य आहे: काही नाही ग, सवय झाली. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. मोठ्याने टॉर्चर म्हणणारी बोलते तरी आहे. सवय झालेलीच्या जवळ बसून, कामाच्या ओघात, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. ती एका दिवसात सांगत नाही.

१०. नाव दिलं म्हणजे उपचार झाला नाही

शब्द सापडला की सुटल्यासारखं वाटतं. ते खरंही असतं, पण तिथेच मुक्काम करणारी तरुण मुलं मी पाहते. दोन व्हिडिओ बघून स्वतःचं निदान, आईबापाचं निदान, सोडून गेलेल्या मित्राचं निदान. पुढचं पाऊल मात्र नाही.

उलट टोकाला जुन्या वाटा आहेत. आमच्याकडे मन बिघडलं की तिरुचीजवळच्या गुणसीलमच्या देवळात नेण्याची रीत आहे. श्रद्धेने कोणाला धीर येत असेल तर येऊ दे. पण ६ ऑगस्ट २००१ ला रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एर्वाडीत अशाच श्रद्धेने आणून साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत पळू शकले नाहीत आणि होरपळून गेले, हे विसरता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार हा हक्क ठरवला. देवाला नमस्कार करा, डॉक्टरांकडेही जा.

फोन करण्यापुरती हिंमत असेल तर सोय आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देशभर विनामूल्य आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे तीन क्रमांक लिहून स्वयंपाकघरात लावून ठेवा. फोन एकदोघांच्याच हाती असतो, स्वयंपाकघरात सगळी येतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. घरातलं कोणी 'मला ट्रॉमा झालाय' म्हणालं तर शब्द बरोबर की चूक यावर वाद घालू नका, आणि शब्द ऐकून समाधानही मानू नका. काय झालं, कोणी केलं, किती दिवस चाललंय, आत्ता सुरक्षित आहेस का, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका. आणि उत्तर मिळाल्यावर त्याच आठवड्यात काहीतरी करा.